‘पार्ट येतोय’ म्हणता म्हणता मुदत चालली

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबकडून एका भावाचा लांबलचक मेसेज आलाय. 9 नोव्हेंबर 2023 ला, ऐन दिवाळीच्या ऑफरमधी, लातूरच्या एका दुकानातून त्यांनी साडेनऊ हजाराची चेनसॉ (झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन) घेतली, डब्यावर 58 सीसी, 22 इंची बार, ब्रँडचं नाव कुणी ऐकलेलं नाही, वॉरंटी सहा महिने. मार्चमधी बांधावरच्या बाभळी काढताना मशीन जाम झाली, दोरी ओढता ओढेना. 14 मार्च 2024 ला दुकानात नेऊन ठेवली. दुकानदार म्हणाला पार्ट येतोय. आज फेब्रुवारी 2026 चालू आहे आणि पार्ट अजून येतोयच. त्यांचे प्रश्न दोन आहेत, वकिलाची नोटीस कशी पाठवू, आणि नवी घ्यायची तर स्टिल-हस्कवर्नासारखी मोठ्या ब्रँडची घेऊ का परत अशीच स्वस्तातली.

मी वकील, असले मेसेज मला महिन्याला चार-पाच तरी येतात, कधी फवारणी पंप असतो, कधी ब्रशकटर, कधी इन्व्हर्टर, गोष्ट तीच. त्यामुळं ग्राहकाचे हक्क काय वगैरे पाठ मी इथं म्हणत बसत नाही, खराब माल दिला तर दुकानदार जबाबदार आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि दुकानदारालाही. भाऊ, तुमची केस त्याच्यावर अडलेली नाही, ती तारखेवर अडलीय.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली पाहिजे. दुकानदाराला फोन केला, कंपनीला मेल टाकला, 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, वकिलाची नोटीस दिली, यातल्या कशानंही हे घड्याळ थांबत नाही. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगानं स्वतःहून तो बघायचा असतो, हे सुप्रीम कोर्टानं 2009 लाच स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या केसमधी सांगितलंय, तेव्हाच्या जुन्या कायद्यातलं कलम 24-अ, आता तेच 69 झालंय.

आता तुमचं घड्याळ कधी सुरू झालं ते बघा. तुम्ही म्हणता 14 मार्च, कारण त्या दिवशी मशीन दुकानात दिली. समोरचा वकील म्हणणार मशीन जाम झाली त्या दिवशी, आणि तो दिवस तुम्हाला आठवत नाही, नुसतं ‘मार्चच्या सुरुवातीला’ लिहिलंय. एखादा जास्त हुशार असला तर खरेदीच्या तारखेपासून मोजून दाखवील, म्हणजे मुदत नोव्हेंबर 2025 लाच संपली म्हणंल. ते बहुतेक टिकणार नाही, दोष नंतर उघड झाला हे आपण सांगू शकतो, पण वाद घालायला त्याला जागा मिळतेच. आणि 14 मार्चच धरला तरी 14 मार्च 2026 ला दुसरा शनिवार येतोय. म्हणून मी तुम्हाला मार्चची तारीख देतच नाही. फेब्रुवारी संपायच्या आत तक्रार आत गेली पाहिजे.

नोटीस मग पाठवायची का, तर ग्राहक तक्रारीआधी नोटीस द्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाही. पाठवायचीच असली तर सात दिवसांची, स्पीड पोस्टानं, आणि तिच्या उत्तराची वाट बघत तक्रार लिहायचं थांबवू नका. माझ्याकडं एक जण आला होता, पाण्याच्या मोटरीचं भांडण, नोटीस दिली, उत्तर आलं, उत्तराला उत्तर दिलं, परत उत्तर आलं, अशी चार पत्रं झाली आणि माझ्याकडं आला तोवर दोन वर्षं उलटून एकोणीस दिवस झालेले. विलंब माफीचा अर्ज केला, कलम 69 मधीच तशी सोय आहे, पण ‘पत्रव्यवहार चालू होता’ हे काही फार भारी कारण नाही. दवाखाना, अपघात, घरातलं मयत असं काही दाखवावं लागतं, तेही कागदासकट, आणि आयोगाला पटलं तर कारणं लिहून माफ करतात. त्याला माफ झालं नाही. तुमच्या हातात अजून दिवस आहेत, ते नोटीशीच्या भाषेवर घालवू नका.

आता थोडं रागानं बोलतो, मनावर घेऊ नका. साडेनऊ हजाराची वस्तू दुकानाच्या काउंटरवर ठेवून तुम्ही हात हलवत घरी आलात, एक चिठ्ठी नाही, जॉबकार्ड (मशीन दुरुस्तीला घेतल्याचा कागद) नाही, मशीनचा फोटो नाही. बिल पण कच्चं घेतलं, जीएसटी वाचवायला. बाजार समितीत पाच पोती सोयाबीन टाकली तर पट्टी घेतल्याशिवाय तुम्ही जागचे हलत नाही, मग हितं काय झालं? मशीन तुमच्याकडं नाही आणि ती दुकानदाराकडं आहे याचा कागद पण नाही, उद्या त्यानं ‘असली कुठली मशीन माझ्याकडं नाही’ म्हटलं तर आपण काय दाखवणार?

म्हणून आजच्या आज एक काम करा, भांडू नका, साधा व्हॉट्सॲप टाका, ‘भाऊ, 14 मार्च 2024 ला दिलेली माझी चेनसॉ तुमच्याकडं आहे, पार्ट आला का, कधी येऊ?’ एवढंच. नेहमीसारखं ‘येतोय दोन दिवसात’ असं उत्तर आलं की मशीन त्याच्याकडं आहे हे त्यानं स्वतःच लिहून दिल्यासारखं झालं. ते चॅट पुसू नका, फोन बदलू नका, तक्रारीला स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, म्हणजे फोनमधल्या पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र पण जोडून द्या. त्याच्या असल्या उत्तरानं मुदत वाढते असं काही वकील सांगतील, मी त्या भरवशावर राहणार नाही. कच्च्या बिलाचं फार टेन्शन घेऊ नका, पैसे फोनपेनं गेलेत म्हणता ना, ते स्टेटमेंट काढा, आणि बिल न देणं हाच कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतो, त्यामुळं तो मुद्दा उलट त्याच्यावरच जातो.

तक्रार धाराशिवच्याच जिल्हा आयोगात करता येते, लातूरला हेलपाटे घालायची गरज नाही, 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रारीची सोय दिलीय. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाईन पण भरता येते. तुम्ही लिहिलंय की गावातल्या लोकांची झाडंही पैसे घेऊन कापून देता, त्यावरून समोरचा म्हणंल मशीन धंद्यासाठी घेतली, हा ग्राहकच नाही; ते लपवू नका, पण नीट मांडा: मशीन मी स्वतः चालवतो, पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून. कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात तेवढी जागा आहे, 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग केसपासून कोर्ट हेच धरत आलंय. दोन-चार माणसं लावून मशीन भाड्यानं फिरवत असाल तर मात्र अवघड होईल, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आता समोरून काय येणार ते सांगतो, कारण ते शंभर टक्के येणार: ‘गिऱ्हाईकानं ऑईल कमी घातलं, पिस्टन धरला, ते वॉरंटीत नाही.’ टू स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमधी ऑईल मिसळावंच लागतं. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50 ला 1 म्हणजे 20 मिली. तुमच्या पुस्तकात एक लिहिलंय, टाकीवरच्या स्टिकरवर दुसरं आणि दुकानदारानं सांगितलं ‘एक झाकण टाका’, हे तुम्ही मेसेजमधी सहज लिहून गेलात पण माझ्या दृष्टीनं ते फार कामाचं आहे, पुस्तक आणि स्टिकर दोन्हीचे फोटो काढा (स्टिकर मशीनवर असंल तर दुकानात बघायला जा, हात लावू नका, फोटो काढा). चुकीची माहिती देऊन वस्तू विकली तर दोष तुमच्या मापाचा राहत नाही. आणि एक, मशीन परत मिळाली तरी कुणाला उघडू देऊ नका. आयोगाला वाटलं तर कलम 38 खाली सील करून प्रयोगशाळेत पाठवतात, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागंल, पण गावच्या मिस्त्रीनं आधीच पिस्टन काढून ठेवला तर तपासायला काही उरत नाही.

हितं एक गंमत सांगतो. मागं असल्याच एका केसमधी मिस्त्रीनं माझ्यासमोर सिलिंडर मापला, व्हर्नियर लावून. आतला व्यास 45.2 मिलिमीटर, स्ट्रोक 34. कागदावर गणित केलं तर साडेचोपन्न सीसी येतं, डब्यावर 58 छापलेलं. सगळ्या मशीन तशाच असतात असं मी म्हणत नाही, पण तुमची तशी निघाली तर तो मुद्दा सोन्यासारखा, कारण ऑईल कमी घाला नाहीतर जास्त घाला, सिलिंडरचा व्यास काही त्यानं बदलत नाही, डब्यावर खोटं छापलं तर छापलं.

कायद्यात लिहिलंय तपासणी नसंल तर तीन महिन्यात, असंल तर पाच महिन्यात निकाल. मी वीस वर्षं झाली काळा कोट घालतोय, तीन महिन्यात निकाल मी तरी बघितला नाही. सदस्य नाहीत, कोरम नाही, पुढची तारीख. समोरच्याला उत्तराला 30 अधिक 15 असे 45 दिवसच मिळतात, त्याच्या पुढं नाही, हे 2020 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ठणकावून सांगितलंय, तेवढा एक लगाम हातात आहे, तो वापरा. बाकी दीड-दोन वर्षं धरून चला. किती भरपाई मिळंल ते आत्ता सांगत नाही, किंमत अधिक व्याज अधिक थोडा त्रास-खर्च, त्याच्या पुढं स्वप्नं बघू नका.

दुसरा प्रश्न. स्टिल 1926 पासूनची जर्मन कंपनी, हस्कवर्ना स्वीडनची, त्यांची मशीन चांगली का हे मला विचारू नका, मी वकील आहे, मिस्त्रीला विचारा. माझ्या बाजूनं फरक एवढाच की मोठ्या ब्रँडकडं नकार लवकर मिळतो आणि कागदावर मिळतो. डीलर जॉबकार्ड बनवतो, दहा दिवसांनी लिहून देतो की पिस्टनवर चरे आहेत, वॉरंटी नामंजूर. तुम्हाला राग येतो, पण हातात तारीख आली, आता भांडता येतं. बिननावाच्या ब्रँडकडं कुणी नाही म्हणतच नाही. ‘येतोय’ म्हणतात. त्या ‘येतोय’ मधी तुमचे तेवीस महिने गेले.

म्हणून स्वस्तातली घेऊच नका असं नाही. वर्षातून दोनदा बाभळी काढायच्या असतील तर चाळीस हजार कशाला घालायचे. त्या 52-58 छापाच्या मशीन नावं वेगळी असली तरी आतून बऱ्याचशा एकाच साच्यातल्या असतात, एकीचा कार्बोरेटर दुसरीला बसतो, त्यामुळं ब्रँड बंद पडला तरी पार्ट मिळतो, हे माझा मिस्त्री सांगतो. फक्त डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव आणि भारतातला पूर्ण पत्ता आहे का ते पैसे द्यायच्या आधी वाचा. ते छापणं 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी सक्तीचं आहे, नसंल तर समन्स कुणाला काढणार? आणि दुकानदारानं वॉरंटी स्वतःच्या शिक्क्यानं, पक्क्या बिलावर लिहून द्यावी, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. निम्म्या भावात ‘ओरिजिनल स्टिल’ देतो म्हणणाऱ्याकडं तर फिरकू पण नका.

हां, आणि मेसेजच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पाव्हण्याच्या रानातल्या दोन चिंचा काढायच्यात. बाभळीचं वेगळं, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय मशीन लावली तर तुमची दुसरी केस होईल आणि तिच्यात तुम्ही समोरच्या बाजूला असाल.

जुन्या मशीनचा डबा घरी माळ्यावर असंल तर आज काढा, चारी बाजूंचे फोटो पाठवा. त्याच्यावर आयातदाराचा पत्ता असला तर तो सामनेवाला (ज्याच्यावर तक्रार तो) नंबर दोन, नसला तर दुकानदार एकटाच.