आम्लाचा वैरी, घरं तीन

विट्याहून एका ताईंनी विचारलंय: शब्दकोड्यात ‘आम्लाचा वैरी’ असा संकेत होता, घरं तीन. त्यांनी ‘अल्कली’ भरलं, पण पहिल्या घरात उभ्या ‘आटपाडी’चा ‘आ’ आडवा आला. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, ‘आम्लारी’. हा शब्द खरा, की कोडं रचणाऱ्यानं जागच्या जागी पाडलेला?

खराच आहे, आणि संकेतात तो फोडूनच ठेवलाय. आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू. मुर राक्षसाचा तो मुरारी, त्रिपुराचा त्रिपुरारी, तसा आम्लाचा आम्लारी. इंग्रजीतल्या ‘बेस’ला आपल्या शाळेच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. संस्कृतात ‘अरि’ ऱ्हस्व. मराठीत ‘कवि’चा ‘कवी’ होतो तसा याचाही शेवट दीर्घ. जोडाक्षराला कोड्यात एकच घर, म्हणून आ-म्ला-री.

ताईंचं ‘अल्कली’ अर्थानं फार लांब नव्हतं. पण पाण्यात विरघळणारा आम्लारी तेवढाच अल्कली. कॉपर ऑक्साइड आम्लाशी भिडतं, पाण्यात मात्र विरघळत नाही. ते आम्लारी, पण अल्कली नव्हे.

हे वैर डोळ्यांनी बघायचं तर तासगावकडच्या द्राक्षबागेत जावं. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण करताना 1 टक्क्याला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद. त्याचं पाणी आम्लधर्मी, नुसतंच फवारलं तर पानं करपतात. म्हणून त्यात चुना. नीट जमलंय का हे बघायला जुने बागायतदार लोखंडी विळ्याचं स्वच्छ पातं त्या निळ्या पाण्यात बुडवून धरतात. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, अजून निवळी ओता. पातं कोरं निघालं की आम्लारीनं आपलं काम केलं! शब्द कुणी उच्चारत नाही, एवढंच.

खरा घोळ आहे तो ‘क्षार’चा. पापडखारातला खार त्याच शब्दाचा नातू, आणि आयुर्वेदातल्या क्षारसूत्रातही, म्हणजे क्षार चोपडलेल्या दोऱ्यातही, क्षार म्हणजे अल्कलीच. शाळेत मात्र आम्ल-आम्लारी एकमेकांना संपवतात तेव्हा पाण्याबरोबर जे तयार होतं तो क्षार. जेवणातलं मीठ त्यातलंच. हिंदीत पुन्हा उलटं: तिथे क्षार म्हणजे अल्कली, बेसला क्षारक, नि शाळेतल्या आपल्या क्षाराला म्हणतात लवण. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जी रानं क्षारपड झालीत, त्यांच्यावर फुटलेल्या पांढऱ्या थराला शाळेतला अर्थ बरोबर लागतो.

तेव्हा ताई, हाच संकेत उद्या दोन घरांत आला तर ‘क्षार’ लिहा, पण पेन्सिलीनं. उभे शब्द जुळले की मग पेन घ्या.