रजोनिवृत्तीच्या काळात रोज सोळा तासांचं फास्टिंग करूनही दीड महिन्यात एकच किलो उतरलं. वीस तासांवर जाऊ का? कॉफीत दूध चालतं का?

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘की माझ्यातच चिकाटी कमी आहे?’ ते वाचलं आणि राहवलं नाही. चिकाटीचा इथे काही संबंध नाही. आणि वीस तासांवर अजिबात जाऊ नका.

हाच टोमणा मी माझ्या थोरल्या बहिणीकडून दोन वर्षं ऐकलाय. पाळी गेल्यावर ताई दिवसातून एकदाच जेवायला लागली आणि वर्षभरात बारा किलो उतरली. पन्नाशीला माझं पोट सुटलं, कपडे कमरेत अडायला लागले, तेव्हा तिचं एकच पालुपद: ‘मनावर घेतलं की होतं गं. तुला तोंड आवरत नाही.’ घेतलं मनावर. सोळा तास, महिन्याभराने अठरा, मग वीस. चार महिन्यांत सात किलो गेले. ताईने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आणि मला खरंच अभिमान वाटला.

मग एका दुपारी कपाटाचा खालचा खण आवरायला जमिनीवर बसले आणि उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. मांड्यांत जोरच नव्हता. एक हात जमिनीला, दुसरा कपाटाला, अशी कशीबशी उभी राहिले. चार महिन्यांपूर्वी मी हात न टेकता उठत होते. त्या रात्री वहीत मांडून पाहिलं, तर जेवायला उरलेल्या चार तासांत माझ्या पोटात रोज जेमतेम ३५ ग्रॅम प्रोटीन जात होतं. सात किलो गेले, पण कमरेचा घेर तीनच सेंटीमीटर उतरला होता. मी चरबीपेक्षा पायांतली ताकद जास्त घालवली होती, आणि सगळे माझं कौतुक करत होते!

‘या वयात मेटाबॉलिझम मंदावतं’ हे तुम्हीही लिहिलंय. २०२१ मध्ये ‘सायन्स’ मासिकात सहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला होता. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं तर रोजचा ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास तेवढाच राहतो, असं त्यात निघालं. बदल होतो तो दुसरीकडे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरतं, मांड्यांवर बसणारी चरबी पोटाकडे वळते आणि स्नायू झिजायला लागतात. अमेरिकेत मध्यमवयीन बायकांच्या ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात त्याच त्याच बायकांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. त्यांच्यात शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत चरबी सगळ्यात वेगाने वाढली आणि स्नायू घटत गेले. ४८ व्या वर्षी, पाळी मागेपुढे होत असताना, तुम्ही बहुधा त्याच टप्प्यात आहात. अशा वेळी उपाशी राहून स्नायू घालवणं म्हणजे घर गळत असताना कौलं काढून विकणं.

आणि तुमचा एक किलो कमी नाही. २०२० मध्ये सोळा तासांच्या फास्टिंगची बारा आठवड्यांची एक चाचणी झाली. तिच्यात फास्टिंगवाल्यांचं सरासरी वजन एक किलोसुद्धा उतरलं नाही, तीन वेळा जेवणाऱ्यांपेक्षा ठळक फरक दिसला नाही, आणि जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच होता. फास्टिंगने खाणं आपोआप कमी होतं, फायदा आहे तो एवढाच.

मी आता चौदा तासांवर आहे. रात्रीचं जेवण लवकर, सकाळची न्याहारी पोटभर. उलटं करून पाहिलं होतं, सकाळ उपाशी आणि रात्री उशिरा जेवण. त्यात रात्री अंगातून वाफा निघायच्या, झोप उडायची आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट भूक लागायची. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन घेते आणि आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलते. वजनकाटा महिन्यातून एकदा, टेप दर रविवारी. वजन पूर्वीपेक्षा तीनच किलो कमी आहे, पण घेर सात सेंटीमीटरने उतरलाय आणि जमिनीवरून हात न टेकता उठते.

ताईला हे पटत नाही. गेल्या वर्षी ती साधी अडखळून पडली आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. ते उपाशी राहण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पाळी गेल्यावर हाडं तशीही विरळ होतात. पण वर्षानुवर्षं एक वेळ जेवून ती सावरत नाहीत, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती अजून एकदाच जेवते, आणि मला तिची काळजी वाटते.

हो, एक राहिलं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर चौदा तासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. पूर्वी कधी खाण्याचं दडपण, उलट्या काढणं असलं काही झालं असेल, तर फास्टिंगच्या वाटेला जाऊच नका.

कॉफीत चमचाभर दूध घाला, त्याने वजनात काही फरक पडत नाही. साखर नको.