जिवलग मैत्रिणीला येशूविषयी सांगायचंय, पण ‘धर्मप्रचार करते’ असं तिला वाटू नये. काय करू?

तुम्ही लिहिलंय की अलीकडेच तुम्ही येशूवर विश्वास ठेवला, घरचेही आता हळूहळू रुळलेत, पण कॉलेजपासूनच्या मैत्रिणीशी हा विषय काढायचा धीर होत नाही. सांगितलं तर तिला वाटेल, ही मला बाटवायला आली. नाही सांगितलं तर मनात सलत राहतं.

मी नगरची, ख्रिस्ती घरातच वाढले, आणि नोकरीची सगळी वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली. तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची पूर्ण मोकळीक असेल, तिथेच आपला विश्वास सांगावा. खाटेवर पडलेल्या माणसाला ती नसते. त्याचं सलाइन माझ्या हातात, रात्री दुखलं-खुपलं तर हाक मारायची मलाच. अशा माणसाला मी म्हटलं, ‘येशूला मानलंत तर बरं वाटेल’, तर तो होच म्हणेल, पण ते माझ्या भीडेने. म्हणून ड्यूटीवर असताना मी हा विषय आपणहून कधी काढला नाही. कुणी विचारलंच, ‘सिस्टर, तुम्ही डोळे मिटून काय पुटपुटता?’ तर सांगायचे की तुमच्यासाठी प्रार्थना करते, चालेल ना? बहुतेकांना चालायचं. एका वारकरी आजोबांनी मात्र नको म्हटलं, ‘माझा पांडुरंग बघून घेईल’ म्हणाले. मी बरं म्हटलं आणि त्यांची चादर बदलायला घेतली.

तुमची मैत्रीण तुमच्यावर अवलंबून नाही, हे चांगलंच आहे. पण उद्या तिचे वडील आयसीयूत असले, किंवा तिची नोकरी गेली, तर ‘आता तिचं मन मऊ झालंय, हीच वेळ’ असा हिशेब करू नका. तेव्हा डबा न्यायचा, रात्री सोबतीला थांबायचं. त्यातून तिने काही विचारलं तर गोष्ट वेगळी.

विचारण्यावरून पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी चालवत असलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. आपल्याकडे अशा बाईच्या वाट्याला काय येतं हे रमाबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनीच विचारलं, या बायकांसाठी तुम्ही इतकं का करता? त्यावर एका भगिनीने त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) चौथा अध्याय वाचून दाखवला: लोक जिला कमी लेखत अशा शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीवर आपुलकीने बोलतो, ती गोष्ट. म्हणजे रमाबाईंनी आधी काम पाहिलं आणि मग उत्तर ऐकलं. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पत्रात सांगतो की तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या.

पण म्हणून कायम गप्प बसा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या आयुष्यात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जिवलग मैत्रिणीपासून झाकून ठेवली, तर त्या मैत्रीत काय राहिलं? नव्या नोकरीचं, लग्नाचं सांगितलं असतंत, तसंच हेही सांगा. तुमचं काय झालं, आधी मनाला काय टोचत होतं, प्रार्थनेत काय मिळालं, एवढंच. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष देतो त्या सुरात नको, चहा पिता पिता बोलता तसं बोला. तिच्या देवांविषयी वाकडा शब्द काढू नका. नारायण वामन टिळक तर म्हणत की ते तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत आले, आणि त्यांचे अभंग आम्ही आजही रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्यावर गातो.

आता याच टिळकांच्या घरची गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाशी ती फार जवळून जुळते. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. टिळक बोलणारे होते, कवी होते, पट्टीचे वक्ते होते. मनात आणलं असतं तर रोज उठून वाद घालता आला असता. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सगळं मोकळेपणी लिहून ठेवलंय, स्वतःचा राग, हट्ट, रडणं, सगळं. जातीची अढी त्यांच्या मनातून गेली ती त्यांनी स्वतः विचार केल्यावर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली ती वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. ज्याला बायको जिवाहून प्रिय आहे आणि ख्रिस्तही, तो माणूस तिला तिच्या वेळेवर सोडतो. माझ्या मते यापेक्षा मोठी सुवार्ता टिळकांनी व्यासपीठावरूनही सांगितली नसेल.

मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटतं असं तिथे स्पष्ट लिहिलंय. येशू त्याला खरं ते सांगतो, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येशू मागे धावत नाही, अट सैल करत नाही, त्याला नावंही ठेवत नाही. तुमची मैत्रीण ‘मला यात रस नाही’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशीचा तुमचा फोन पहिल्यासारखाच जायला हवा. तो कमी झाला, तर तिची शंका खरी ठरेल.

कायद्याचंही मनात असेल तर थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. मला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम, असंच आम्ही मानतो.

तिला मंडळीत बोलवायचं असेल तर ‘उपासना आहे, पाळकसाहेबांचा संदेश असेल’ असं आधीच सांगा. स्नेहमेळावा म्हणून नेऊन प्रवचनाला बसवणं ही फसवणूक आहे, आणि ती आपल्यातले काही जण करतात याचं मला फार वाईट वाटतं. नाताळच्या फराळाला मात्र जरूर बोलवा. तिच्या घरी गौरी-गणपतीला तुम्हीही जा. प्रसाद घ्यायला मन धजत नसेल, तर आदल्या दिवशी तिला एकटीला प्रेमाने सांगून टाका, म्हणजे चारचौघांत तिच्या आईचा हात अवघडून राहणार नाही.

आणि तिने आपणहून काही वाचायला मागितलं तर मार्काचं शुभवर्तमान द्या. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, सोळाच अध्याय. बायबलच्या शेवटच्या, गूढ अशा प्रकटीकरणाच्या पुस्तकापासून सुरुवात करून देऊ नका. तिचे प्रश्न अवघड निघतील. जिथे उत्तर येत नाही तिथे ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणा, आणि खरंच विचारून सांगा.