पांढरीतली खापरे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : घोड नदीच्या काठी आमच्या शिवारात पांढरीचे टेकाड आहे. दर उन्हाळ्यात तिथली माती ट्रॉलीने नेऊन शेतात टाकतात, पीक चांगले येते. मातीतून नक्षीची खापरे निघतात. ती कितपत जुनी असतील? आम्ही काय करावे? (शिरूर तालुका)

पांढर म्हणजे जुनी वस्ती. चुलींची राख, शेण, हाडे, पडलेल्या मातीच्या भिंती शेकडो वर्षे साचल्या की काळ्या रानात असा राखाडी उंचवटा उभा राहतो. हाडे आणि राख यांमुळे त्या मातीत फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून पिकाला ती मानवते आणि म्हणूनच टेकाडे नाहीशी होतात.

खापर तांबूस किंवा नारिंगी, बिनचकाकीचे, त्यावर काळ्या रंगात रेषांची जाळी आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज, असे असेल तर ते बहुधा जोर्वे संस्कृतीचे, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांचे. अंगावर ठळक कंगोरा असलेले वाडगे आणि तोटीची भांडी ही तिची खूण. संगमनेरजवळच्या, प्रवराकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, त्यावरून हे नाव पडले. तुमच्याच तालुक्यात, घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथली वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. मात्र खापरांबरोबर काचेच्या बांगड्यांचे तुकडे भरपूर निघत असतील, तर वरचा थर बराच अलीकडचा समजावा.

माती नेणे आधी थांबवा. कापलेल्या कडेत जे दिसते ते उपसू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट क्रमांक टिपा आणि तहसील कार्यालयाला व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची पुराणवस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. परवान्याशिवाय स्वतः खणणे तर नाहीच.

प्रश्न : जेसीबीने दोन दिवसांत निघेल त्या मातीला पुरातत्त्वज्ञ महिने लावतात. इतके हळू का? (पुणे)

कारण वस्तू कुठल्या थरात होती हे कळले नाही, तर तिच्यावरून सांगता येईल असे फार थोडे उरते. इनामगावला सुरुवातीच्या जोर्वे काळात ऐसपैस चौकोनी घरे होती आणि उत्तर जोर्वे काळात, साधारण इ.स.पू. १००० नंतर, लहान गोल झोपड्या आल्या. हा बदल कुठल्या मडक्यावर लिहिलेला नव्हता. चोपलेल्या जमिनी आणि खांबांचे खळगे यांतून तो दिसला. खांब कुजून जातो. राहते ती वेगळ्या रंगाची, भुसभुशीत मातीची गोल खूण. कुदळीच्या एका घावात ती जाते.

टेकाडावर खुंट्या ठोकून ५ मीटरचे चौकोन आखतात. प्रत्येकात ४ मीटर खणतात आणि दोन चरांच्या मधे मीटरभर रुंद आडभिंत तशीच ठेवतात. त्या भिंतीच्या उभ्या छेदात थर वाचता येतात. वरची नांगरट टिकावाने काढली, तरी जमीन किंवा चूल लागताच करणी आणि ब्रश हातात घ्यायचा. किती खोल गेलो ते नेहमी एका पक्क्या बिंदूपासून मोजायचे. चराच्या काठापासून मोजाल तर काठ ढासळला की आकडे गेले.

थर म्हणजे ठरीव दहा-दहा सेंटिमीटर नव्हे. मातीचा रंग, पोत, घट्टपणा बदलला की नवा थर. सर्वांत मोठी चूक खड्ड्यांमुळे होते. वरच्या काळातल्या माणसाने धान्यासाठी खड्डा खणला की त्याची खापरे खालच्या, जुन्या थरांच्या पातळीला जाऊन बसतात. खड्ड्याची कड ओळखून आधी तो रिकामा करायचा, त्याची माती वेगळ्या पिशवीत भरायची, मगच भोवतालच्या थराला हात लावायचा. उंदरांच्या बिळांचेही तेच. काळ्या मातीत आणखी एक पंचाईत आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि मणी, बारीक खापरे त्यांतून खाली उतरतात. म्हणून खालच्या थरातल्या एकट्या मण्यावर काळ ठरवू नये.

छेद वाळला की रंग पुसट होतात. फवारणीच्या पंपाने पाण्याचा हलका तुषार मारून, सकाळी सावली असतानाच रेखाटन आणि फोटो उरकावेत.

प्रश्न : महाविद्यालयाच्या सर्वेक्षणात पोतेभर खापरे गोळा झाली. धुऊन नंबर कसे घालावेत? (अहिल्यानगर)

आधी पिशव्या तपासा. प्रत्येकीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर हवी, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. शाई ओलीने पसरते. एका वेळी एकच पिशवी धुवा. घाईत दोन पिशव्या एका टबात गेल्या की त्या कायमच्या मिसळल्या. मऊ ब्रश, साधे पाणी. रंगीत नक्षीचा एक कोपरा ओल्या कापसाने टेकून पाहा. कापसाला रंग लागला तर पाणी नको, कोरड्या ब्रशवर भागवा. वाळवणे सावलीत, चाळणीवर किंवा चटईवर, चिठ्ठीसकट. वाळल्यावर पांढरी साय आली तर ते क्षार आहेत. असे तुकडे शुद्ध पाण्यात भिजवून पाणी अनेकदा बदलावे लागते, नाहीतर क्षारांचे खडे पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात.

कच्च्या मातीच्या वस्तू मात्र कधीच धुवायच्या नाहीत. इनामगावला घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची पेटी, स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटातले भोक बैलाच्या पाठीवरच्या भोकाशी जुळत होते, म्हणजे ती बैलावर बसवायची होती हे कळले. बादलीत घातली असती तर चिखल झाला असता.

नंबर आतल्या बाजूला घाला. नक्षीवर नको आणि तुटलेल्या कडेवरही नको, कारण पुढे तीच कड जोडायची असते. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा पातळ थर, तो वाळला की काळ्या शाईने स्थळ, वर्ष, चर, थर आणि क्रमांक, मग वरून पुन्हा एक थर. काठ, बूड, तोटी आणि नक्षीचे तुकडे वेगळे ठेवा. साधी खापरे मोजून, वजन नोंदवून मगच बाजूला काढा. न मोजता टाकलेले खापर परत येत नाही.

प्रश्न : संग्रहातल्या तांब्याच्या जुन्या छिन्नीवर फिकट हिरवी पूड येते. चिंचेने घासू का?

मुळीच नको. पितळी तांब्या घासायची रीत इथे चालत नाही. गडद, घट्ट हिरवा थर स्थिर असतो आणि वस्तूचे मूळ अंग बहुधा त्यातच टिकलेले असते. फिकट, भुकटीसारखे ठिपके हा क्लोराइडचा रोग. हवेतली ओल मिळाली की तो आतले धातू खात जातो. छिन्नी इतर वस्तूंपासून वेगळी करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली राखा आणि जेलचा रंग पालटला की ते तापवून वाळवा. पावसाळ्यात दर आठवड्याला पाहा. तांब्याचा गंज रोखणाऱ्या बेंझोट्रायझोलचा उपचार संवर्धकाकडूनच करून घ्यावा, ते रसायन विषारी आहे.

प्रश्न : तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी म्हणजे काय? ती कशी उचलतात?

ते लहान मुलाचे दफन. जोर्वे काळात मूल गेले की घराच्या जमिनीखाली अशी दोन मडकी आडवी ठेवून त्यांत पुरत. मडकी जागेवर रिकामी करू नयेत. भोवतालची माती काढून मडकी मातीच्या ओट्यावर तशीच आडवी राहू द्यायची, ओल्या मलमलीवरून बँडेज घट्ट गुंडाळायचे, उत्तर दिशा आणि वरची बाजू खडूने लिहायची आणि खालून फळी सरकवून दोन्ही एकत्र उचलायची. प्रयोगशाळेत आतली माती दोन-दोन सेंटिमीटर काढून एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात, कारण दुधाच्या दातांचे अंकुर तांदळाच्या दाण्याएवढे असतात. ओल्या हाडावर पॅरालॉइड लावू नये, पांढरा पापुद्रा धरतो. आधी सावलीत सावकाश वाळू द्यावे. निदान एक दात कुठलेही रसायन न लावता, हातमोजे घालून, अॅल्युमिनियमच्या कागदात ठेवावा. पुढच्या चाचण्या त्यावरच होतील.