दुसरीतल्या मुलाला घरात कसं गुंतवायचं

ताई, दुसरीतल्या मुलाला घरात कसं गुंतवायचं विचारलंत ना, तर आधी तुम्ही लावलेलं ते शाळेसारखं टाइमटेबल भिंतीवरून काढा. दुसरीतलं पोर सलग वीस मिनिटं बसलं तरी खूप झालं. पुस्तकं मिळाली नसतील तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा या अभ्यासाच्या ॲपवर स्कॅन केला की व्हिडिओ पण येतात, फक्त मोबाइल तेवढ्यापुरताच द्या.

गणित मात्र किचनमध्येच घ्या, मनापासून सांगते. राजम्याचे दहा-दहाचे ढीग करायला लावा, उरलेले सुटे, झालं दशक-एकक, मग त्यातूनच हातचा पण दाखवता येतो. वाणसामानाची यादी त्यालाच लिहू द्या, अर्धा किलो रवा म्हणजे ५०० ग्रॅम, पाव किलो शेंगदाणे म्हणजे २५०, हे वहीत पाच वेळा लिहून येत नाही ते असं येतं, आणि शुद्धलेखन चुकलं तर लगेच लाल पेन काढू नका हो.

तुम्ही नवी मुंबईत सीवूड्सला ना? मग खाडीकडे फ्लेमिंगो दिसतात का बघा, दिसले की चित्र आणि खाली तारीख. संध्याकाळी पॅसेजमध्ये दोरीच्या उड्या, खालच्या मजल्यावर आधी विचारून घ्या.