टेन्शन आलं की पोटात कळ येऊन शौचाला पळावं लागतं. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) ताणामुळेच होतो का?

फक्त ताणामुळे नाही, पण असलेला त्रास ताण नक्की भडकवतो. ताण आला की मेंदूत सीआरएफ नावाचं संप्रेरक वाढतं. त्याने जठर मंदावतं आणि मोठं आतडं उलट जोरात आकुंचन पावतं. म्हणून नेमकी मीटिंगच्या आधी कळ येते. शिवाय आतड्याच्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की नेहमीचा गॅसही दुखतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे उडवून लावू नये, दुखणं खरं असतं. दोन आठवडे वहीत खाणं, झोप, ताण आणि शौच वेळेसकट लिहा. उपाशीपोटीचा चहा चेतवतो की ताण, ते दिसेल. कळ येताच पोट फुगवत 4 आकडे श्वास आत, 6 आकडे बाहेर, असं 5 मिनिटं करा. मात्र शौचातून रक्त, घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास ताणावर ढकलू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.