‘व्यासंग’ हा शब्द व्यासांवरून आला आहे का? आणि ‘अभ्यास’ व ‘व्यासंग’ एकच का?

नाही, महर्षी व्यासांशी या शब्दाचा संबंध नाही. ‘व्यासांचा संग तो व्यासंग’ ही फोड मीही लहानपणी ऐकली होती आणि बरीच वर्षं खरी मानत होतो. पण तसं असतं तर शब्द ‘व्याससंग’ झाला असता. मधला एक ‘स’ असा उगाच गळत नाही.

खरी फोड वि + आ + संग अशी आहे. मुळाशी ‘सञ्ज्’ हा संस्कृत धातू, अर्थ चिकटणे. आसक्ती, प्रसंग, निःसंग ही त्याचीच भावंडं. ‘व्यास’ मात्र ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून आला, आणि त्याच घरातले न्यास, विन्यास, व्यसन आणि चक्क ‘अभ्यास’! म्हणजे व्यासांचं नातं लावायचंच तर ते अभ्यासाशी लागतं, व्यासंगाशी नाही.

मला या शब्दात सगळ्यात आवडते ती त्याची जुनी छटा. संस्कृतात व्यासंग म्हणजे जसं एखाद्या गोष्टीत गढून जाणं, तसंच मन भलतीकडे गुंतल्यामुळे समोरच्या गोष्टीकडे लक्ष नसणं. न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, झोपलेल्या माणसाच्या जोडीला ‘व्यासक्तमनस्’ म्हणजे मन दुसरीकडे गुंतलेला माणूस येतो, तो याच अर्थाने. मला हे दोन अर्थ वेगळे वाटतच नाहीत. जो एका विषयाला चिकटला, तो बाकीच्या जगाला हरवलेलाच दिसणार. मराठीने त्यातली विद्येची बाजू तेवढी ठेवली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. तो परीक्षेपुरताही असतो आणि परीक्षेबरोबर संपतो. व्यासंगाला अशी मुदत नसते. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली पुरा झाला, आणि ते पेशाने वकील होते. अशा माणसाला नुसतं ‘विद्वान’ म्हटलं तर त्याला किती येतं एवढंच कळतं. ‘व्यासंगी’ म्हटलं की तो त्या विषयाला किती वर्षं धरून बसला तेही कळतं.

म्हणून हा शब्द वयस्कर प्राध्यापकांसाठीच राखून ठेवू नये असं मला वाटतं. वर्षानुवर्षं फुलपाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थिनीबद्दल ‘तिचा फुलपाखरांचा व्यासंग आहे’ असं मी खुशाल लिहीन. तुम्हीही लिहा, शब्द अगदी नेमका बसतो.